रिकामे पाणी नको, जिवंत पाणी हवे

कोळंबी हा विषय आपल्या पत्रिकेत आलेला पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. आपल्यापैकी अनेक घरांत ती उंबऱ्याच्या आत येत नाही आणि ज्या घरांत येते तेथे तिचा विचार कालवण की खडखडले एवढ्यापुरताच होतो. राजकारणाच्या पानावर तिचे काय काम, हा प्रश्न रास्त आहे. पण तिकीट कोणाला मिळाले आणि आपल्या समाजाचे किती नगरसेवक निवडून आले, एवढ्यावरच राजकारण संपत नाही. सरकारचा पैसा कोठे जातो, कायदा कोणाला अडवतो आणि कोणाला मोकळे सोडतो, हेही राजकारणच. या दोन्ही कसोट्या लावल्या, तर दक्षिण गुजरातच्या किनाऱ्यावरील झिंगा तलाव आपल्या चर्चेत यायला हवेत, असे आमचे मत आहे.

हा किनारा आपल्याला परका नाही. नवसारी हा गायकवाडी राज्याचा एक प्रांत. बिलिमोरा हे आपल्या संस्थानाचे बंदर. बडोद्यातल्या जुन्या घराण्यांपैकी कित्येकांच्या आजोबा-पणजोबांनी नवसारी, गणदेवी, बिलिमोऱ्याला वहिवाटदार, मुन्सफ किंवा मास्तर म्हणून नोकऱ्या केल्या. ओखामंडळच्या समुद्रात काय जीवसृष्टी आहे, याचा अभ्यास श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल या समुद्रशास्त्रज्ञाकडून करवून घेतला आणि त्याच्या अहवालाचा पहिला भाग १९०९ साली प्रसिद्ध झाला. किनाऱ्यावर काही करायचे तर आधी तेथले पाणी जाणकाराकडून समजून घ्यावे, ही दृष्टी आपल्या संस्थानात शंभर वर्षांपूर्वी होती. आज तीच हरवली आहे, आणि हा लेख त्याच कारणाने लिहीत आहोत.

सुरत जिल्ह्यातील ओलपाड आणि चोर्यासी, नवसारीतील जलालपोर आणि गणदेवी, इकडे भरूच जिल्ह्यातील जंबुसर, अशा तालुक्यांत खाडीकाठच्या खाऱ्या जमिनींवर कोळंबीचे तलाव आहेत. भात पिकत नाही अशा जमिनीतून तीन-चार महिन्यांत निघणारे हे पीक आहे. पूर्वी वाघी कोळंबी, म्हणजे टायगर, पाळली जाई. २००९ साली केंद्र सरकारने व्हॅनामी या मूळच्या अमेरिकी जातीला व्यापारी प्रमाणावर परवानगी दिली आणि धंद्याचे रूप पालटले. २०२३-२४ या वर्षात देशातून ६०,५२३ कोटी रुपयांचा सागरी माल परदेशी गेला. त्यात एकट्या गोठवलेल्या कोळंबीचा वाटा ४०,०१३ कोटींचा होता. हा आकडा पाहिल्यावर कोळंबीला किरकोळ म्हणण्याची सोय राहत नाही.

पण एवढा मोठा धंदा एका डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाच्या दयेवर उभा आहे.

चक्रवाढीने वाढणारा शत्रू

कोळंबीला विषाणूचेही रोग होतात. १९९४-९५ च्या सुमारास आलेल्या पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने देशभरचे तलाव झोपवले होते, हे पुष्कळांना ठाऊक आहे. आमचा आजचा विषय मात्र जिवाणूंचा, त्यातही व्हिब्रिओ या कुळाचा आहे. पटकीचा जंतू याच कुळातला. त्याचे भाऊबंद खाऱ्या पाण्यात सर्वत्र असतात. खाडीत असतात, कोळंबीच्या आतड्यात असतात, बीजाबरोबर हॅचरीतूनही येतात. त्यांतला व्हिब्रिओ हार्वेयी रात्री चमकतो. ज्या तलावाचे पाणी अंधारात निळसर उजळते, त्याच्या मालकाची झोप उडते. व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकसच्या काही वाणांनी तर जगाला हादरा दिला. पिल्ले सोडल्यापासून महिनाभरातच तलावच्या तलाव मरू लागले. हा रोग २००९ साली चीनमध्ये, मग व्हिएतनाम, मलेशिया आणि २०१२ मध्ये थायलंडमध्ये पोहोचला. २०१३ साली अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठाच्या डोनाल्ड लाइटनर यांच्या चमूने कारण शोधून काढले. हा जिवाणू एक विष सोडतो आणि कोळंबीचा यकृतासारखा अवयव त्या विषाने झडून जातो. थायलंडचे उत्पादन दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले.

व्हिब्रिओचे बळ त्याच्या वाढीच्या वेगात आहे. पोषक पाणी मिळाले की तो अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतो. आम्ही वाणिज्य शाखेचे, आकड्यांत जरा रमतो, म्हणून हिशेब करून पाहिला. दर अर्ध्या तासाला दुप्पट धरले तरी संध्याकाळी सहाला असलेल्या एका जिवाणूचे सकाळी सहाला दीड कोटीहून अधिक होतात. असे चक्रवाढ व्याज कोणत्याही सावकाराने लावलेले नाही. प्रत्यक्षात अन्न आणि जागा अपुरी पडते म्हणून एवढी वाढ होत नाही. आणि सगळी गोम याच ‘अपुरी जागा’ या दोन शब्दांत आहे.

मोकळ्या प्लॉटवर अतिक्रमण

शेतकरी रोगाला घाबरून काय करतो? खाडीचे पाणी तलावात घेतो आणि ब्लिचिंग पावडर टाकून त्यातले सगळे जीव मारतो. मग त्या निर्जंतुक पाण्यात बीज सोडतो आणि महागडे खाद्य देऊ लागतो. पुढे रोग दिसला की दुकानदाराच्या सांगण्यावरून औषध टाकतो. त्या औषधात पुष्कळदा प्रतिजैविक असते.

वरवर पाहता हे शहाणपणाचे वाटते. पण बडोद्यात राहणाऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. मोकळा केलेला प्लॉट कुंपण न घालता सोडून दिला, तर त्यावर पहिल्यांदा कोण येतो? सज्जन बिऱ्हाडकरू येत नाही, अतिक्रमण करणारा येतो. पाण्याचेही तसेच आहे. ब्लिचिंगने चांगले-वाईट सगळेच मरतात. नंतर खाद्य पडू लागले की जो सर्वांत जलद वाढतो तो जागा बळकावतो, आणि जलद वाढण्यात व्हिब्रिओचा हात कोण धरणार? बेल्जियममधील गेन्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली नेमका हाच मुद्दा मांडला. लवकर मरतुकीचा तो आजार हा तलावातील सूक्ष्मजीवांच्या व्यवस्थापनाचाही प्रश्न आहे आणि पाणी सरसकट निर्जंतुक करण्याच्या पद्धतीने रोगजंतूलाच वाट मोकळी होते, असे त्यांचे म्हणणे होते. त्याआधी १९९० च्या दशकात नॉर्वेतील शास्त्रज्ञांनी माशांच्या पिल्लांबाबत ‘मुरवलेले पाणी’ वापरून असेच अनुभव घेतले होते.

औषध टाकल्यावरही हेच होते. प्रतिजैविकाने दुबळे जिवाणू मरतात आणि त्याला न जुमानणारे शिल्लक राहतात. पुन्हा जागा मोकळी, पुन्हा तेच अतिक्रमण, फक्त या वेळी ते औषधाला दाद देत नाही.

नत्राचा जमाखर्च

मग उपाय कोणता? पाणी रिकामे ठेवायचेच नाही. त्यात निरुपद्रवी आणि उपयोगी जिवाणूंची वस्ती आधीच इतकी दाट करायची की व्हिब्रिओला पाय ठेवायला जागा उरू नये. या विचारावर उभारलेल्या पद्धतींत बायोफ्लॉक ही सर्वांत गाजलेली आहे. इस्रायलमधील तंत्रविद्यापीठ टेक्नियॉनचे योराम अवनिमेलेख यांनी तिचा हिशेब १९९९ साली नीट मांडून दाखवला. तो कोणत्याही कारकुनाला कळेल असा आहे.

कोळंबीच्या खाद्यात प्रथिने सुमारे ३५ टक्के असतात. १०० किलो खाद्य म्हणजे ३५ किलो प्रथिने, आणि प्रथिनात १६ टक्के नत्र असते, म्हणजे ५.६ किलो नत्र. यातले सुमारे पाव, १.४ किलो, कोळंबीच्या अंगी लागते. उरलेले ४.२ किलो तलावातच राहते. एकूण नत्राच्या निम्मे, म्हणजे २.८ किलो, अमोनियाच्या रूपाने पाण्यात उतरले असे धरू. हा अमोनिया कोळंबीला विषारी असतो. पण कर्बयुक्त अन्न, म्हणजे साखर किंवा पिष्ट, सोबत मिळाले तर काही जिवाणू हा अमोनिया खाऊन आपले अंग वाढवतात. एक किलो नत्र असे जिरवायला सुमारे २० किलो साखर-पिष्ट लागते. २.८ किलोला ५६ किलो. पाण्यात नत्राच्या दहा ते वीस पट कर्ब राहील असा तोल सांभाळायचा आणि पाणी सतत घुसळत ठेवायचे. मग जिवाणू, शेवाळ, सूक्ष्म प्राणी यांचे तपकिरी पुंजके तयार होतात. त्यांनाच फ्लॉक म्हणतात. कोळंबी ते खाते. म्हणजे खर्ची पडलेले नत्र पुन्हा जमेच्या बाजूला येते.

आमच्या दृष्टीने खाद्याची बचत हा दुय्यम लाभ आहे. मुख्य लाभ असा की पाण्यातील जागा आणि अन्न या दोन्हींवर आधीच दुसऱ्यांचा ताबा बसतो. शिवाय पाणी फारसे बदलावे लागत नाही, त्यामुळे बाहेरून नवा रोग येण्याची एक मोठी वाट बंद होते.

ही केवळ प्रयोगशाळेतली कल्पना नाही. डेव्हिड मोरिआर्टी यांनी १९९८ साली इंडोनेशियातील तलावांचा अनुभव प्रसिद्ध केला. ज्या प्रकल्पांनी पाण्यात बॅसिलस जातीचे उपयोगी जिवाणू नियमित सोडले, त्यांचे पीक १६० दिवस टिकले. त्याच भागात ज्यांनी ते सोडले नाहीत, त्यांचे तलाव चमकणाऱ्या व्हिब्रिओमुळे ८० दिवसांच्या आत बसले. फिलिपिन्सच्या नेग्रोस बेटावर १९९० च्या दशकात याच रोगाने हैदोस घातला, तेव्हा तेथल्या शेतकऱ्यांनी साठवण तलावात तिलापिया मासे पाळून त्याचे हिरवे, मुरलेले पाणी कोळंबीला द्यायला सुरुवात केली. नाव वेगळे, पद्धत वेगळी, तत्त्व एकच.

आपल्या बायकांना हे तत्त्व नवे नाही. दूध नुसते उघडे ठेवले तर नासते. त्यात चमचाभर विरजण घातले की तेच दूध दही होऊन टिकते, कारण चांगल्या जिवाणूंनी आधी ताबा घेतलेला असतो. कोळंबीच्या तलावाला विरजण लावायचे आहे, एवढेच.

पायऱ्या तीन, अनुदान एकीलाच

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हा लेख औषधाच्या दुकानातली जाहिरात होईल.

बायोफ्लॉक हे जादूचे पाणी नव्हे. पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू त्याने मरत नाही. ईएचपी या नावाने ओळखला जाणारा आणि कोळंबीची वाढ खुंटवणारा सूक्ष्म परजीवीही त्याने जात नाही. त्यांच्यासाठी निरोगी बीजच लागते. जिवाणू वाढले की ते प्राणवायू खातात. दाट बायोफ्लॉकमध्ये पाणी घुसळणारी यंत्रे बंद पडली तर तासाभरात पीक हातचे जाऊ शकते. पाण्याची अल्कता घटत जाते, ती चुन्याने किंवा सोड्याने भरून काढावी लागते. पुंजके फार झाले तर काढावे लागतात. रोज मोजमाप, रोज नोंद. हे वाण्याच्या खतावणीसारखे काम आहे, एक दिवस चुकले की पुढचे सगळे आकडे चुकतात.

शिवाय प्रत्येकाने या टोकाला जायलाच हवे असे नाही. पायऱ्या तीन आहेत. पहिली, खाडीचे पाणी वेगळ्या साठवण तलावात काही दिवस मुरू देणे आणि ब्लिचिंग केलेच तर त्यानंतर घाईने बीज न सोडणे. दुसरी, भाताचा कोंडा आंबवून, बॅसिलससह, मातीच्या तलावात ठरावीक मात्रेने देणे. तिसरी, प्लास्टिक अंथरलेले तलाव किंवा टाक्या, चोवीस तास यंत्रे आणि पूर्ण बायोफ्लॉक. छोट्या शेतकऱ्याला पहिल्या दोन पायऱ्याच परवडतात.

आणि सरकारचा पैसा कोठे जातो? २०२० साली सुरू झालेली प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०,०५० कोटींची होती. तिच्यात बायोफ्लॉकला अनुदान ठेवले होते, सर्वसाधारण लाभार्थींना ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. हेतू उत्तमच. पण अनुदान दिसणाऱ्या वस्तूला मिळते. टाकी उभी राहिली, फोटो निघाला, हप्ता सुटला. पाणी मुरवणाऱ्या शेतकऱ्याकडे फोटो काढण्यासारखे काही नसते. टाकीतले पाणी जिवंत आहे की नाही, हे फोटोत दिसत नाही. रोगनिदान प्रयोगशाळांची तरतूदही त्याच योजनेत होती, तिच्या उद्घाटनाला मात्र गर्दी जमत नाही.

बँकेच्या काउंटरच्या अलीकडे बसून आम्ही एवढे निश्चित सांगू शकतो की कर्जाच्या फायलीत जमिनीचा उतारा असतो, कोटेशन असते, जामीनदार असतो. पाण्याचा कागद नसतो. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात किसान क्रेडिट कार्ड मत्स्यव्यवसायाला खुले झाले, हे स्वागतार्हच. २०२४ च्या फेब्रुवारीत मंजूर झालेल्या मत्स्य किसान समृद्धी सह-योजनेत विम्याच्या हप्त्याचा काही भार सरकार उचलते, तेही योग्य. पण कर्ज आणि विमा दोन्ही तलाव मेल्यानंतरची सोय पाहतात. तो मरू नये याची अट कोणी घालत नाही.

बडोद्याशी याचा संबंध काय?

संबंध दोन प्रकारचा आहे. पहिला औषधांचा. प्रा. त्रिभुवनदास गज्जर, प्रा. कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी १९०७ साली अलेम्बिकची मुहूर्तमेढ रोवली. त्यांत एक मराठी नाव आहे याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. पुढे प्रतिजैविकेही या शहरात तयार होऊ लागली. ज्या शहराने ही औषधे बनवली, त्या शहराने त्यांची उधळपट्टी कोठे होते याकडे डोळेझाक करू नये. जे जिवाणू तलावात औषधाला सरावतात, ते त्या सवयीचे जनुक इतर जिवाणूंना देऊ शकतात, आणि उद्या आपल्याच नातवाच्या तापावर तीच गोळी चालेनाशी होऊ शकते. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांसारखी द्रव्ये कोळंबीला देण्यास आपल्याकडे मनाई आहे. २०१६ साली युरोपीय संघाने भारतीय कोळंबीच्या तपासणीचे प्रमाण १० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेले, ते अशाच अंशांच्या भीतीने. २०२३ च्या दुरुस्तीने किनारी मत्स्यसंवर्धनाचा कायदा प्रतिजैविकांबाबत आणखी स्पष्ट झाला. त्यात २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के जकात लावली, तेव्हा या धंद्याचा पाया किती ठिसूळ आहे हे सर्वांना दिसले. जकातीवर आपला इलाज नाही. मालात औषधाचा अंश सापडू न देणे मात्र आपल्या हातात आहे. आणि कायदा नुसते ‘औषध टाकू नका’ म्हणतो. मग टाकायचे काय, हे शिकवणारा माणूस गावात पाठवत नाही.

दुसरा संबंध पाण्याचा. बडोद्याच्या कारखान्यांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी १९८० च्या दशकापासून सुमारे ५५ किलोमीटरच्या कालव्यातून जंबुसर तालुक्यातील सारोदजवळ खंभातच्या आखातात सोडले जाते. ज्या आखाताच्या खाड्यांतून तलावांचे पाणी येते, त्याच आखातात आपल्या शहराचे पाणी जाते. म्हणून ‘तो किनाऱ्यावरच्यांचा प्रश्न’ असे म्हणून आपल्याला हात झटकता येत नाहीत. पाणी न बदलता चालणारी पद्धत दोघांच्याही हिताची आहे. शेतकरी बाहेरच्या पाण्यावर कमी अवलंबून राहील आणि त्याचेही घाण पाणी खाडीत कमी जाईल.

येथे एक आक्षेप येईल. हे तलाव खाजणे आणि गुरचरण गिळतात, सरकारी जमिनीवर बेकायदा होतात, त्यांची तरफदारी कशाला? आक्षेप खरा आहे. ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने किनारी नियमन क्षेत्रातील पारंपरिक पद्धतीचे सोडून बाकीचे तलाव काढण्याचा आदेश दिला होता. पुढे २००५ च्या कायद्याने नोंदणीची वाट काढली. सुरत जिल्ह्यातील बेकायदा तलावांचा प्रश्न हरित लवादापर्यंत गेलेला आहे. बेकायदा तलाव उठलेच पाहिजेत, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण नोंदणी करून, कर्ज काढून, कायद्याने धंदा करणाऱ्या छोट्या माणसाला बेकायदावाल्याच्याच पंक्तीला बसवणे अन्यायाचे आहे. तो चुकीचे औषध टाकतो ते लबाडीने नव्हे, त्याला दुसरा मार्ग दाखवणारा दुकानदाराशिवाय कोणी भेटत नाही म्हणून.

मागायचे काय?

आमच्या मते कोणत्याही पक्षाच्या उमेदवारापुढे आपण चार मागण्या ठेवाव्यात.

पहिली, तालुक्याच्या ठिकाणी पाणी तपासणीची सोय. पाण्याचा थेंब विशिष्ट माध्यमाच्या बशीवर पसरला की दुसऱ्या दिवशी व्हिब्रिओच्या पिवळ्या आणि हिरव्या वसाहती मोजता येतात. याला मोठे यंत्र लागत नाही, शिकलेला माणूस लागतो. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेचे केंद्र नवसारीत आहे, कृषी विद्यापीठ तेथेच आहे आणि आपल्या सयाजीराव विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग आहे. या तिघांना एका टेबलावर बसवणे हे लोकप्रतिनिधीचे काम.

दुसरी, रात्रीची वीज. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी म्हणून २०२० साली किसान सूर्योदय योजना आली, ती योग्यच होती. कोळंबीवाल्याचे गणित उलटे आहे. पाण्यातला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो. नोंदणीकृत तलावांना रात्रीच्या अखंड पुरवठ्याची हमी हवी.

तिसरी, मळी. दक्षिण गुजरातेत बारडोली, गणदेवीसारखे सहकारी साखर कारखाने हाकेच्या अंतरावर आहेत आणि जिवाणूंना लागणारे गोड अन्न त्यांच्या मळीत आहे. पण दारूबंदीच्या कायद्यात मोहाच्या फुलांप्रमाणे मळीवरही नियंत्रण आहे. दारूबंदी शिथिल करा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. नोंदणीकृत तलावाला ठरावीक मळी सहकारी संस्थेमार्फत, सोप्या परवान्यावर मिळावी, एवढेच म्हणणे आहे. कारखान्याला गिऱ्हाईक मिळेल, शेतकऱ्याला स्वस्त माल.

चौथी, कर्ज आणि विमा यांना पाण्याच्या नोंदवहीची जोड. जो शेतकरी दर आठवड्याला पाणी तपासून घेतो आणि ज्याच्या मालात प्रतिजैविक सापडत नाही, त्याला व्याजात आणि हप्त्यात सवलत मिळावी. बक्षीस टाकीला देऊ नका, वहीला द्या. असे झाले तर फसव्या ‘प्रोबायोटिक’ बाटल्यांचा बाजारही आपोआप आवरेल, कारण बाटलीत जिवाणू होते की नुसते पाणी, हे बशीवर उमटेल.

जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील २०२४ साली नवसारीतून पुन्हा लोकसभेवर निवडून गेले आणि केंद्रात जलशक्तिमंत्री झाले, तेव्हा आपल्या मंडळींना आनंद झाला. तो स्वाभाविक होता. पण आपल्या भाषेचा माणूस मोठ्या पदावर पोहोचला की हार घालून परत यायचे, ही सवय आपण मोडायला हवी. हाराबरोबर एक अर्ज न्यावा. त्या अर्जात समाजाच्या हॉलसाठी जागा मागितली जाते तशी एखादी ओळ किनाऱ्यासाठीही असावी. दुसऱ्याच्या प्रश्नावर बोलणाऱ्या समाजाचे म्हणणे राजकारणात अधिक लक्ष देऊन ऐकले जाते, असा आमचा विश्वास आहे.

मंडळाच्या येत्या सभेत या चार मागण्यांचा ठराव मांडला जावा आणि तो गुजरातीत भाषांतर करून ओलपाड, जलालपोर आणि जंबुसरच्या आमदारांकडे पाठवावा, अशी आमची सूचना आहे. ज्यांना मान्य नसेल त्यांनी सभेत येऊन आपली बाजू अवश्य मांडावी.